भटक्या मांजरांचे निर्बीजीकरण

भटक्या मांजरांचे निर्बीजीकरण ही मनुष्यवस्तीत मालकाविना राहणाऱ्या मांजरांची संख्या न मारता आटोक्यात आणण्याची पद्धत आहे. तीत मांजरांना सापळ्यात पकडून त्यांची शस्त्रक्रिया केली जाते व त्यांना मूळ ठिकाणी परत सोडले जाते. या क्रमावरून तिला 'पकडा, निर्बीज करा, परत सोडा' असेही म्हणतात. 'टीएनआर' हे तिचे इंग्रजी लघुरूप प्रचलित आहे.

पार्श्वभूमी

मालकाविना राहणारी मांजरे दोन प्रकारची असतात. काही कधीकाळी पाळलेली असून नंतर सोडून दिलेली किंवा हरवलेली असतात. ती पुन्हा माणसाळू शकतात. दुसरी जन्मापासून माणसाच्या सहवासाविना वाढलेली, म्हणजे रानटी झालेली असतात. पिल्लांना माणसाची सवय लागण्याचा काळ मुख्यतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यादरम्यानचा असतो. तो उलटल्यावर प्रौढ रानटी मांजर घरात रुळणे फार कठीण असते. त्यामुळे अशा मांजरांना घर शोधून देणे हा उपाय बहुधा लागू पडत नाही.

प्रजनन

भाटी साधारणपणे पाच-सहा महिन्यांच्या वयात, कधी त्याआधीही, गाभण राहू शकते. गर्भावधी सुमारे ९ आठवड्यांचा असून एका वेळी सामान्यतः ३ ते ५ पिल्ले होतात. अंगावर पिणारी पिल्ले असतानाही भाटी पुन्हा गाभण राहू शकते. अनेक पिल्ले रोग, उपासमार व वाहनांखाली सापडून लवकर मरतात. तरीही उरलेल्यांमुळे संख्या टिकून राहते किंवा वाढते.

कार्यपद्धती

प्रथम विशिष्ट ठिकाणच्या मांजरांची मोजणी करून त्यांना खाऊ घालण्याची वेळ व जागा ठरवून घेतली जाते. पकडण्याच्या आदल्या दिवशी खाणे थांबवतात व नंतर मासळीसारखे आमिष ठेवून पिंजऱ्याचा सापळा लावतात. पिंजरा कापडाने झाकल्यास मांजर शांत राहते.

पशुवैद्य भूल देऊन भाटीचे अंडाशय, व बहुधा गर्भाशयही, काढतात; बोक्याचे वृषण काढले जातात. त्याच वेळी रेबीजची लस दिली जाते. भुलीत असतानाच एका कानाचे टोक सरळ रेषेत कापले जाते. या खुणेमुळे शस्त्रक्रिया झालेले मांजर दुरून ओळखता येते व ते पुन्हा पकडले जाण्याचा त्रास टळतो. जपानमध्ये कानाला इंग्रजी 'व्ही' आकाराची खाच देतात; ती चेरीच्या पाकळीसारखी दिसते, म्हणून अशा मांजरांना तेथे 'साकुरा नेको' म्हणतात.

शस्त्रक्रियेनंतर बोक्यांचे ओरडणे, भांडणे व उग्र वासाच्या मूत्राने हद्द आखणे कमी होते. नागरिकांच्या तक्रारींचे हेच प्रमुख कारण असते.

परिणामकारकता

अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात १९९१ मध्ये असा उपक्रम सुरू झाला. तेथील मांजरांची संख्या १९९६ मध्ये ६८ होती. ती २००२ मध्ये २३ झाली. मात्र या घटीत दत्तक दिलेल्या मांजरांचा वाटा मोठा होता. सॅन डिएगो व अलाचुआ या अमेरिकी काउंटींच्या २००५ मधील अभ्यासात एकूण संख्येत सातत्याने घट आढळली नाही. संख्या घटण्यासाठी ७१ ते ९४ टक्के मांजरे निर्बीज असणे आवश्यक असल्याचा अंदाज त्या अभ्यासात मांडला होता. थोडी मांजरे निर्बीज करून काम थांबवल्यास उरलेल्यांची पिल्ले व नव्याने सोडलेली मांजरे ती घट भरून काढतात. म्हणून पाळीव मांजरांचे निर्बीजीकरण व मांजरे सोडून देण्यास आळा हेही उपक्रमाचे आवश्यक भाग मानले जातात.

टीका

परत सोडलेले मांजर शिकार करतच राहते, हा पक्षी-अभ्यासकांचा मुख्य आक्षेप आहे. अमेरिकेत मांजरे दरवर्षी १ अब्जाहून अधिक पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेटांवर हा धोका अधिक तीव्र असतो, कारण तेथील अनेक पक्षी जमिनीवर घरटी करतात. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर १९४९ मध्ये उंदरांच्या बंदोबस्तासाठी आणलेल्या पाच मांजरांची पुढे हजारोंनी वाढ झाली. विषाणूचा प्रसार, शिकार व सापळे यांच्या साहाय्याने १९९१ पर्यंत ती नष्ट करण्यात आली. ऑस्ट्रेलियातही रानटी मांजरांना मारण्याचे धोरण आहे. याउलट, दाट शहरी वस्तीत सर्व मांजरे मारणे अमानुष व अव्यवहार्य असल्याचे निर्बीजीकरणाचे समर्थक म्हणतात.

भारत

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार प्राण्यांना अनावश्यक क्रूरतेने मारणे हा गुन्हा आहे. २००१ चे जन्मनियंत्रण नियम शीर्षकानेच श्वानांपुरते होते. त्यांची जागा 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' यांनी घेतली. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील महानगरपालिकांनी श्वानांबरोबरच मांजरांच्या निर्बीजीकरणाचेही उपक्रम हाती घेतले आहेत. मासळी बाजार, गृहनिर्माण संस्था व रुग्णालयांचे परिसर येथे खाद्य सहज मिळत असल्याने मांजरांचे कळप आढळतात. अशा ठिकाणी रोज खाऊ घालणाऱ्या रहिवाशांचे सहकार्य महत्त्वाचे ठरते, कारण मांजरांची संख्या, सवयी व नवे आलेले मांजर यांची माहिती बहुधा त्यांनाच असते.