सेनापतीचा जाब कोणी घ्यावा?

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व कामास आले. त्यांचे शौर्य आम्ही गातो. त्यामागील राजनीती मात्र विसरतो. उमराणीस कोंडलेल्या खानास परस्पर सोडल्याबद्दल प्रत्यक्ष सरनोबतासही शिवाजी महाराजांनी जाब विचारला होता. उलट १९१९ साली डायरने जालियनवाला बागेत निःशस्त्र प्रजेवर गोळ्या झाडल्या, तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर यांनी त्यास संमती कळविली. आणि चौकशी समितीने साक्षी घेण्यापूर्वीच सरकारने अधिकाऱ्यांच्या बचावाचा कायदा करून ठेविला! शत्रूशी गाठ असतां सेनापती जबाबदार, मग अंतर्गत दंग्यांत रयतेवर शस्त्र चालवितांना तो मोकळा कसा? जो धनी जाब विचारीत नाही, त्या कृत्याचा दोष त्याच्याच माथी बसतो.