रविवारचे हाँगकाँग

हाँगकाँगमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या परदेशी लोकांचा उल्लेख झाला की बँका, विमा कंपन्या आणि जहाजवाहतूक यांतील बडे अधिकारी सहसा डोळ्यांसमोर येतात; परंतु या शहरातील परदेशी समाजाचा फार मोठा भाग घरकामासाठी आलेल्या स्त्रियांचा आहे. सुमारे 75 लाखांच्या लोकवस्तीत त्यांची संख्या 3 लाखांहून अधिक असून त्यांतील निम्म्याहून जास्त स्त्रिया फिलिपिन्सच्या, उरलेल्यांपैकी बहुतेक इंडोनेशियाच्या आणि काही हजार भारतीय आहेत. मालकाच्या घरात राहून सहा दिवस राबणाऱ्या या स्त्रियांना स्वतःचा म्हणावा असा कोपरा मिळतो तो रविवारी, शहराच्या चौकांत, बोटींत आणि डोंगरवाटांवर. म्हणून मैत्रिणींबरोबर शहर पाहत हिंडणे हा त्यांच्या परदेशवासाचा गाभा ठरतो आणि तो समजून घ्यायचा तर आधी त्यांच्यावरील नियम पाहावे लागतात.

1974 साली फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीने नवा कामगार कायदा आणून परदेशी नोकऱ्यांना सरकारी पाठबळ दिले, त्याच सुमारास हाँगकाँगमधील मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या प्रमाणावर नोकरीसाठी घराबाहेर पडू लागल्या आणि या दोन गरजांच्या मिलाफातून हे स्थलांतर सुरू झाले. ही नोकरी दोन वर्षांच्या ठरावीक नमुन्याच्या करारावर मिळते. तासाच्या हिशोबाने किमान वेतन ठरवणारा शहरातील सर्वसाधारण कायदा या स्त्रियांना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळे मासिक किमान वेतन ठरवले जाते आणि 2024 मध्ये ते 4,990 हाँगकाँग डॉलर करण्यात आले. नोकरी मध्येच सुटली तर चौदा दिवसांच्या आत हाँगकाँग सोडावे लागते, हा 1987 पासूनचा ‘दोन आठवड्यांचा नियम’ त्यांना सर्वाधिक जाचतो, कारण वाईट मालकाविरुद्ध तक्रार करणे म्हणजे पुष्कळदा परतीचे तिकीट स्वतःच काढणे होय. इतर परदेशी नागरिकांना सलग सात वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मागता येतो, मात्र घरकामगारांची वर्षे त्या हिशोबात धरली जात नाहीत आणि 2013 मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने या भेदावर एकमताने शिक्कामोर्तब केले.

2003 पासून मालकाच्याच घरी राहण्याची सक्तीही करारात आहे. 2021 च्या जनगणनेनुसार हाँगकाँगमध्ये दरडोई घराच्या क्षेत्रफळाचा मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या खाली आणि निम्मे ज्याच्या वर येतात तो आकडा, 16 चौरस मीटर होता. अशा घरांत मोलकरणीच्या वाट्याला स्वयंपाकघरालगतची चिंचोळी खोली किंवा मुलांच्या खोलीतला बिछाना येतो, तिथे मैत्रिणीला बोलावण्याचा विचारही करता येत नाही. मात्र रोजगार कायद्याने सात दिवसांत सलग चोवीस तासांची सुटी बंधनकारक केली आहे. ही सुटी बहुतेकींना रविवारी मिळते आणि त्या दिवशी शहराचे रूपच पालटते.

सेंट्रल या आर्थिक व्यवहारांच्या भागातील चेटर रोड 1982 पासून रविवारी वाहनांना बंद असतो. त्या रस्त्यावर, शेजारच्या स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये, पादचारी पुलांवर आणि वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेल्या हाँगकाँग बँकेच्या इमारतीखालील मोकळ्या जागेत फिलिपिनो स्त्रिया पुठ्ठे अंथरून बसतात. पुठ्ठ्यांच्या बुटक्या भिंतींआड चपला काढून ठेवलेल्या असतात, डबे उघडले जातात, नखे रंगवली जातात, पत्ते पिसले जातात, पलीकडे एखादा गट नाचाचा सराव करतो. बहुधा एकाच गावच्या किंवा प्रांताच्या स्त्रिया ठरलेल्या जागी बसतात, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलीला आपली माणसे शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. कोणता मालक पगार थकवतो, कोणती दलाली बेकायदा आहे, आजारपणात कोठे जावे ही सगळी माहिती याच पुठ्ठ्यांवर हातोहात फिरते. गार्डन रोडवरील सेंट जोसेफ चर्चमधली प्रार्थना, वर्ल्डवाइड हाउसमधील दुकानांतून घरी पैसे पाठवणे आणि ‘बालिकबायान’ पेटी, म्हणजे साबणापासून बुटांपर्यंत महिनोन्महिने साठवलेल्या वस्तू भरून मायदेशी पाठवायचे मोठे खोके, बांधणे ही कामेही याच दिवशी उरकली जातात. इंडोनेशियाच्या, बहुतांशी मुस्लिम, स्त्रियांचे ठिकाण कॉजवे बे येथील व्हिक्टोरिया पार्क आहे. राणी व्हिक्टोरियाचा जो पुतळा पूर्वी स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये होता तो महायुद्धानंतर याच बागेत आणून बसवला गेला.

खिशात जेमतेम पैसे असणाऱ्यांना हे शहर पाहता येते याचे श्रेय तेथील सार्वजनिक वाहतुकीला द्यावे लागेल. 1904 पासून धावणाऱ्या ट्राममध्ये अंतर कितीही असले तरी भाडे एकच आणि तेही नाममात्र असते. वरच्या मजल्यावरील पुढची बाके मिळाली की जुन्या बाजारपेठा आणि दाटीवाटीच्या इमारती यांचे दर्शन आपोआप घडते. बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरीचा प्रवासही असाच स्वस्त आहे, आणि तिचा उगम मुंबईकडे जातो. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून हाँगकाँगला गेलेले पारशी गृहस्थ दोराबजी नवरोजी यांनी ही बोटसेवा सुरू केली. त्यांनी आरंभी स्वयंपाकी म्हणून काम केले होते असे सांगितले जाते. ज्या चेटर रोडवर पुठ्ठे अंथरले जातात त्याला नाव मिळाले ते पॉल चेटर यांचे, आणि तेही कोलकात्यात जन्मलेले आर्मेनियन होते. उपऱ्यांनीच घडवलेल्या या शहराने जुन्या उपऱ्यांना रस्त्यांवर स्थान दिले आणि आपली मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांना मात्र रहिवासी मानले नाही, ही विसंगती अन्यायाची आहे.

हाँगकाँगच्या भूमीपैकी सुमारे 40 टक्के भाग 1976 च्या कायद्यानुसार निर्माण झालेल्या राखीव उद्यानांत व तत्सम संरक्षित क्षेत्रांत मोडतो. उंच इमारतींच्या गर्दीतून बसने थोड्याच वेळात डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येते. दोन्ही अंगांना समुद्राचे दृश्य दाखवणारी ‘ड्रॅगन्स बॅक’ ही कड्यावरची वाट, चुंग चाउ बेटावरील कोळीवस्ती, लांताउ बेटावरील 34 मीटर उंचीची कांस्यबुद्धमूर्ती आणि तिच्याकडे नेणाऱ्या 268 पायऱ्या येथे रविवारी मैत्रिणींचे गट दिसतात. डोंगरावर जायला तिकीट लागत नाही, बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, आणि तिथे त्या कोणाच्याही मोलकरणी नसतात. त्या दिवशी काढलेली छायाचित्रे गावाकडे, आजीजवळ वाढणाऱ्या मुलांकडे जातात. आई ज्या शहरात आहे ते शहर मुलांना या छायाचित्रांतूनच दिसते.

हा रविवारही निर्विवाद राहिलेला नाही. 1992 मध्ये सेंट्रलमधील व्यापारी हितसंबंधीयांनी चेटर रोड पुन्हा वाहनांना खुला करावा अशी मागणी केली, आणि या स्त्रियांची सोय भूमिगत वाहनतळांत करण्याची सूचनाही पुढे आली. तीव्र निषेधानंतर मागणी आणि सूचना दोन्ही मागे पडल्या. कोविडच्या महासाथीच्या काळात सुटीच्या दिवशीही घरातच राहण्याचे आवाहन त्यांना करण्यात आले. सुटीच्या दिवशी मालकाच्या घरात थांबणे म्हणजे कामावर राहणे, हे त्या आवाहनात लक्षात घेतले गेले नव्हते.

या जगाचे सर्वांत विश्वासार्ह चित्रण त्याच समाजाने आणि त्याच्या देशबांधवांनी केले आहे. झायझा क्रूझ बकानी यांनी हाँगकाँगमध्ये आईप्रमाणेच घरकाम करत असताना रस्त्यावरची कृष्णधवल छायाचित्रे टिपली आणि त्यांच्या बळावर 2015 मध्ये मॅग्नम फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळवली. बेबी रूथ व्हियारामा यांचा ‘संडे ब्युटी क्वीन’ हा माहितीपट 2016 च्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला. घरकामगार स्त्रियांनी स्वतःच भरवलेल्या सौंदर्यस्पर्धेची ती कथा आहे. रविवारी उद्यानात तालीम करायची, मुकुट आणि पोशाख पदरमोड करून जमवायचे आणि मालकाने ठरवलेल्या वेळेच्या आत घरी परतायचे असा या स्पर्धेचा शिरस्ता असून तिच्यातून उभा राहणारा पैसा अडचणीत सापडलेल्या सहकारिणींच्या मदतीसाठी वापरला जातो.