रँग्लर म्हणजे हुज्जत घालणारा

रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. मराठी माणसाच्या लेखी हा शब्द म्हणजे बिरुद, गणितातल्या असामान्य बुद्धीची खूण. इंग्रजीत मात्र 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणं, वाद चिवटपणे चालू ठेवणं. रोजच्या बोलण्यात तो फारसा येत नाही. वारसाहक्काचं किंवा एखाद्या कराराचं वर्षानुवर्षं रेंगाळलेलं भांडण असलं, की वर्तमानपत्राच्या मथळ्यात हमखास दिसतो. त्यात हाणामारी नसते, आवाज चढतोच असंही नाही. मुद्दा सोडायचा नाही, हे मात्र पक्कं.

गणितात पहिला वर्ग मिळवणाऱ्याला केंब्रिजने हुज्जतखोर का म्हणावं? कारण तिथली परीक्षाच मुळी वादाची होती. अठराव्या शतकातला विद्यार्थी काही विधानं मांडी, त्यातलं एखादं बहुधा न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'तलं. समोर प्रतिपक्षी म्हणून दुसरे विद्यार्थी. सगळं लॅटिनमध्ये आणि तर्कशास्त्राच्या साच्यात: हे मान्य ना, मग तेही मान्य, म्हणजे तुझं विधान खोटं. ते विधान मनोमन पटलेलं असलं, तरी प्रतिपक्ष्याने ते पाडायचा प्रयत्न करायचाच. उत्तर देणाऱ्याने त्या युक्तिवादात खोट कुठे आहे, ते दाखवायचं. वाद रंगला की पंच म्हणे, 'ऑप्टिमे डिस्प्युटास्टी', उत्तम वाद घातलास. रँग्लरच्या खालच्या दोन वर्गांना 'ऑप्टिमे' हे नाव त्यावरूनच मिळालं. परीक्षेचं 'ट्रायपॉस' हे नाव तर तिपाईवरून आलं. पदवीदानाच्या वेळी विद्यापीठातर्फे वाद घालणारा पदवीधर तीन पायांच्या स्टुलावर बसे.

आपल्या न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधायचं तो वाद, जिंकायचं तो जल्प आणि स्वतःचं काही न मांडता फक्त समोरच्याचं खोडायचं ती वितंडा. केंब्रिजचा प्रतिपक्षी करी ती वितंडाच, पण पंचासमोर आणि नियमांत बसवून. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आपल्या सिद्धतेवर कोणी तुटून पडल्याखेरीज ती आपल्याला खरंच कळली आहे की नाही, हे समजत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तोंडी वाद बंद पडले आणि सगळा भार लेखी परीक्षेवर आला. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गुणानुक्रमे पहिले, झाले, तेही जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून, ते या लेखी परीक्षेतच. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत येऊन ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि आपली बुद्धिवादी मतं जाहीरपणे, कोणाची भीड न बाळगता मांडत राहिले. शब्दाचा मूळ अर्थ त्यांनी असा निभावला.

गुणानुक्रमे यादी जाहीर करणं केंब्रिजने १९०९ नंतर थांबवलं, त्यामुळे आता सीनियर रँग्लर अधिकृतपणे ठरत नाही. पहिल्या वर्गातल्यांना मात्र आजही रँग्लरच म्हणतात.