मिशन गेले, मंडळी राहिली

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी. या समाजाचे धार्मिक नेतृत्व ढोबळमानाने दोन प्रकारचे आहे. कॅथलिक फादर अविवाहित असतो. त्याची नेमणूक, बदली आणि उदरनिर्वाह धर्मप्रांताच्या हाती असतो. प्रॉटेस्टंट पाळक संसारी असतो आणि त्याचे घर बव्हंशी मंडळीच्या, म्हणजे स्थानिक उपासकसमूहाच्या, वर्गणीवर चालते. दोघांची कामे सारखी असली तरी अडचणी सारख्या नाहीत. पाळकाच्या बऱ्याच अडचणींचे मूळ मिशनच्या काळात सापडते.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये अहमदनगरला मिशनचे ठाणे झाले. पुढच्या शतकभरात मराठी मुलखात शाळा, वसतिगृहे, दवाखाने, बंगले आणि दफनभूमी उभ्या राहिल्या. त्या उभ्या करण्यात परदेशी देणगीदारांचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परतले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. तोवर एके काळी गावाबाहेर असलेली मिशनची आवारे अनेक ठिकाणी शहराच्या मध्यावर आली होती. जमिनीचा भाव वाढत गेला, मंडळीचे उत्पन्न मात्र तेवढेच राहिले.

आजचे सर्वांत चिवट दुखणे या जमिनींचेच आहे. मिळकती निरनिराळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यावा लागतो, आणि कलम ३६ प्रमाणे स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांची निवडणूक वादात सापडली की चेंज रिपोर्टला हरकत येते आणि प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळते. १९७० च्या विलीनीकरणानेही सारे प्रश्न मिटले नाहीत. गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या मिळकतींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला, की केवळ ठराव करून चर्च विलीन झाले म्हणजे विश्वस्त संस्थेची मिळकत आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही. अशा दाव्यांत पाळकाची स्थिती विचित्र होते. आठवडाभर कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोन्ही पक्ष रविवारी त्याच्याच हातून प्रभुभोजन घेतात; आणि त्याची बदली कुठे व्हावी हे ठरवणाऱ्या कमिटीत त्यांतलाच एक पक्ष बसलेला असतो. बाहेरच्या विरोधाने मंडळ्यांचे जेवढे नुकसान झाले, त्याहून अधिक या भांडणांनी केले असे म्हणायला जागा आहे.

पगाराचा प्रश्न याला जोडूनच येतो. दशांश, मासिक वर्गणी आणि कापणीच्या सणाचे दान हे मंडळीचे उत्पन्न. शहरातल्या नोकरदार मंडळीत ते पुरते. दुष्काळी तालुक्यातल्या शेतमजुरांच्या मंडळीत पुरत नाही. मग एका पाळकाकडे अनेक गावे येतात. परदेशी मदतीचा मार्गही अरुंद झाला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे.

जातीचा पेच अधिक खोल आहे. मराठी प्रॉटेस्टंटांपैकी बहुतेकांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम मात्र बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली; २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. आदिवासींना अशी अट नाही. पाळकाच्या दृष्टीने हा वाद बाप्तिस्म्याच्या वहीत उतरतो. उपासनेला नियमित येणारे कुटुंब मुलांचे नाव वहीत घालायला कचरते, कारण ती नोंद उद्या ख्रिस्ती असल्याचा पुरावा ठरू शकते. आग्रह धरावा तर मुलाची फीमधली सवलत आणि नोकरी धोक्यात येते. सोडून द्यावा तर पाळकाची यादी खोटी ठरते.

कोणत्याही मोठ्या चर्चसंस्थेत नसलेल्या, घरगुती प्रार्थनासभा घेणाऱ्या स्वतंत्र सेवकांना धर्मांतराच्या संशयाचा सामना अधिक करावा लागतो. ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतराविषयी कायदे केले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. उत्तर प्रदेशासारख्या राज्यांतले अलीकडचे कायदे आणखी कडक आहेत. मोठ्या चर्चचा पाळक अडचणीत आला तर त्याच्यामागे धर्मप्रांत आणि वकील असतात. पत्र्याच्या शेडमध्ये सभा घेणाऱ्या सेवकामागे कोणी नसते. विवाहाच्या बाबतीतही तो उघड्यावर आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार बिशपकडून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूला वेगळा सरकारी परवाना लागत नाही, स्वतंत्र सेवकाला लागतो. अधिकार नसताना लग्न लावल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

वसईच्या कॅथलिकांत प्रश्न भाषेचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा (मुख्य उपासना) मराठीत आली. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलणाऱ्या समाजाने तिला आपलेसे केले. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पिढीला आता ती परकी वाटू लागली आहे. याच वसईतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले आणि उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीलाही काही संघटनांनी विरोध केला होता. सार्वजनिक जीवनात उतरणाऱ्या धर्मगुरूला आधी आपले मराठीपण सिद्ध करावे लागते, हे त्यातून दिसले.

या अडचणी खऱ्या असल्या तरी बालसंरक्षणाबाबत मात्र त्यांची सबब चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती केली. चर्चची अंतर्गत चौकशी तिला पर्याय ठरत नाही.

नेतृत्वात स्त्रियांचा वाटा अजून तुटपुंजा आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, तरी त्यांच्यानंतरही व्यासपीठ पुरुषांकडेच राहिले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेतल्या चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये नंद्यालला आपली पहिली स्त्री बिशप नेमली. कॅथलिक चर्चमध्ये ही वाट बंद आहे.