बर्फाच्या मुलखातली कुरणे

वाचकहो, जगाच्या नकाशावर अगदी वरच्या टोकाला पाहा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प यांच्या उत्तर भागात सामी नावाचे आदिवासी लोक राहतात. तेथील उघड्या, गारठलेल्या माळाला टुंड्रा म्हणतात. झाडे नाहीत, असली तर खुरटी. काही ठिकाणी खालची माती भर उन्हाळ्यातही गोठलेली असते. नॉर्वेतील कारशोक गावी १८८६ साली उणे ५१.४ अंश थंडी नोंदली गेली होती!

अशा ठिकाणी पीक ते काय येणार? म्हणून अनेक सामी कुटुंबांची दौलत म्हणजे रेनडिअर. हे हरणाच्या कुळातले जनावर, नरालाही शिंगे आणि मादीलाही. उन्हाळ्यात कळप समुद्रकाठच्या हिरव्या चाऱ्यावर नेतात आणि हिवाळ्यात आतल्या पठारावर आणतात. वासराच्या कानाला ज्या त्या घराची खूण कापतात. त्या खुणेवरून मालक ओळखतात.

हिवाळ्यातला चारा कोणता, तर बर्फाखालचे दगडफूल! आपण मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीतले. जनावर खुराने बर्फ उकरून ते खाते. पण ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. एकदा तुडवले गेले की पुन्हा भरायला कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच कुरणाला विसावा देणे हा तेथला मोठा नियम. पाहुण्याला हा माळ ओसाड वाटतो, पण तो कुणाच्या तरी जनावरांचे चराऊ रान असतो.

हे ध्यानात ठेवून प्रवास करावा. सुरुवात नॉर्वेतील आल्टा गावापासून करा. तेथे हजारो वर्षांपूर्वी खडकांवर कोरलेली रेनडिअरची चित्रे आहेत. १९८५ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथून दक्षिणेस कौतोकेइनोकडे जाताना वाटेत मासी हे सामी गाव लागते. येथल्या नदीवर धरण बांधायचे ठरले, तेव्हा पहिल्या आराखड्यात हे गाव बुडणार होते. विरोध झाला आणि गाव वाचले, पण धरणाचा बेत राहिला. १९७९ साली सामी तरुणांनी ऑस्लोत संसदेपुढे तंबू ठोकून उपोषण केले. १९८१ साली शेकडो पोलिसांनी निदर्शकांना हलवले. धरण झालेच. मात्र त्या लढ्याने सरकारला सामींचे म्हणणे ऐकावे लागले. १९८९ साली कारशोकला त्यांची स्वतःची निवडून आलेली संसद सुरू झाली. तिची इमारत सामी तंबूच्या आकाराची आहे, ती अवश्य पाहावी.

कौतोकेइनोला ईस्टरच्या सुमारास रेनडिअरच्या शर्यती भरतात. लोक रंगीत पारंपरिक पोशाख घालून येतात. फिनलंडमधील इनारी येथे सामी जीवनाचे ‘सीडा’ संग्रहालय आहे. स्वीडनमधील योक्मोक्कचा फेब्रुवारीतला बाजार तर १६०५ सालापासून भरतो. आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्डकाप येथे, मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही.

जाल तेव्हा दोन गोष्टी पाळाव्यात. कळपाच्या मागे लागू नये. बिथरलेले जनावर पोटातले वासरू टाकते. आणि ‘तुमची जनावरे किती?’ असे कधी विचारू नये. ते आपल्याकडे ‘घरात सोने किती?’ असे विचारण्यासारखे होते.

आज या लोकांपुढे नवे संकट आहे. हवा तापत चालल्याने ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो. ते पाणी बर्फावर गोठून कडक थर होतो आणि खूर आत जात नाही. पायाखाली चारा असून जनावर उपाशी! मग विकतची वैरण घालावी लागते. दुष्काळात दावणीची जनावरे जगवलेल्या घरांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

टुंड्रा पाहायला जगभरचे लोक जातात. पण तो माळ ज्यांनी आजवर राखला, त्यांना ओळखल्याशिवाय तो पाहिला असे म्हणता येणार नाही.