दोष दर वेळी गॅसचाच नव्हे : घरगुती फ्रिजविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंद्रायणीकाठच्या आळंदीची ओळख समाधिमंदिर, धर्मशाळा आणि १९१७ साली स्थापन झालेली वारकरी शिक्षण संस्था यांनी झालेली असली, तरी चाकण, भोसरी आणि पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कुटुंबांची मोठी वस्तीही आता तेथे झालेली आहे. १९५८ साली गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा फ्रिज तयार केला तेव्हा जी वस्तू मोजक्या सधन घरांचे भूषण होती, ती आज याच पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यांतून बाहेर पडून आळंदीच्या भाड्याच्या दोन खोल्यांतही नित्योपयोगी होऊन बसली आहे. वस्तू घरोघर पोहोचली. तिच्या कार्याचे ज्ञान मात्र त्या वेगाने पोहोचले नाही. परिणामी फ्रिज नीट थंड करीनासा झाला की "गॅस संपला" हा निकाल तपासाआधीच दिला जातो, आणि त्याचा खर्च गृहस्थाच्या माथी पडतो.

सर्व गैरसमजांच्या मुळाशी एकच विस्मरण आहे. फ्रिज थंडी उत्पन्न करीत नाही. विहिरीतले पाणी पंपाने उपसावे तशी तो आतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसरने दाबलेला गॅस बाहेरच्या नळ्यांत उष्णता सोडून द्रवरूप होतो, केसासारख्या बारीक नळीतून फ्रीझरकडे जातो आणि तेथे पुन्हा वायुरूप होताना आतील उष्णता शोषून घेतो. हे चक्र ध्यानी ठेवले म्हणजे पुढील प्रत्येक तक्रारीची कैफियत सहज उलगडते.

गैरसमज : गॅस दोन-चार वर्षांनी संपतो आणि तो पुन्हा भरावाच लागतो.

वस्तुस्थिती : हा गॅस फ्रिजचे इंधन नव्हे, तो वापराने जळून खर्ची पडत नाही, बंदिस्त नळ्यांतून वर्षानुवर्षे तोच फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय. गॅस खरोखर कमी झाल्याची लक्षणे ठरलेली आहेत : कॉम्प्रेसर अखंड चालतो, पण फ्रीझरच्या एखाद्याच कोपऱ्यावर हिम धरते आणि बाहेरच्या नळ्या जवळजवळ कोमटही होत नाहीत. अशा वेळी गळती बुजविणे, फिल्टर बदलणे, पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढून निर्वात करणे आणि मग कंपनीने पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरणे, हा क्रम चुकवून चालत नाही.

कोणता गॅस, हेही त्याच पाटीवर छापलेले असते. पूर्वीच्या फ्रिजमधील आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो क्रमाक्रमाने हद्दपार झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला आणि आता पुष्कळशा नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असतो. त्याचे प्रमाण थोड्याच ग्रॅमांचे असले तरी तो ज्वालाग्राही आहे. म्हणून बंद खोलीत, गॅस पूर्णपणे बाहेर घालविल्यावाचून, नळीवर पेटती बत्ती धरणाऱ्या कारागिराला तेथल्या तेथे थांबविणेच शहाणपणाचे.

गैरसमज : वर बर्फ होतो आणि खाली भाजी थंड होत नाही, तेव्हा गॅस निम्मा संपलेला आहे.

वस्तुस्थिती : दोन दारांच्या नो-फ्रॉस्ट फ्रिजमध्ये ही तक्रार बहुधा हवेची असते. तेथे थंडी फ्रीझरमागील कॉइलवर होते आणि पंखा ती हवा खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर साचणारे हिम ठरावीक काळाने वितळविण्यासाठी एक हीटर असतो. तो, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला की कॉइल हिमाने लिंपली जाते, वाट बंद होते, आणि फ्रीझर गार असूनही खालचे दूध नासते. सामान ठेवण्याची दुसरी सोय करून, फ्रिज बंद करून दार एक दिवस उघडे ठेवावे. त्यानंतर तो काही दिवस उत्तम चालून पुन्हा तसाच झाला, तर दोष हिम वितळविण्याच्या यंत्रणेत आहे, याचा हा घरबसल्या मिळणारा पुरावाच समजावा. मात्र कधी कधी इतकेही घडलेले नसते. हवेच्या जाळीपुढे कोथिंबिरीची जुडी किंवा कणकेचा डबा रेटून ठेवलेला असतो. भाजीच्या खणात पाणी साचत असेल, तर पाठीमागील भिंतीच्या तळाशी असलेले निचऱ्याचे छिद्र तुंबलेले असते, आणि कोमट पाणी व मऊ नळी एवढ्यावर त्याचा निकाल लागतो.

गैरसमज : साचलेला बर्फ सुरीने खरवडून काढला की काम लवकर होते.

वस्तुस्थिती : एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरची भिंत हीच गॅसची वाट असते. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या मधून ती नागमोडी गेलेली असते. सुरीचे टोक तीत शिरले की बारीकशी फुसफुस ऐकू येते, आणि शंभर रुपयांचाही खर्च नसलेले काम हजारांवर जाते. थंडी ठरविणाऱ्या नॉबच्या मध्यभागी असलेले हिम वितळविण्याचे बटण दाबावे आणि बर्फाला आपल्या गतीने वितळू द्यावे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते, त्या सुमारास घरे पाहुण्यांनी भरलेली असतात, दार घडोघडी उघडते, आणि पावसाळी दमट हवा आत शिरून हिमरूप होते. तेव्हा जाड थर हा यंत्राचा दोष नव्हे. एरवीही थर वाढत असेल तर दाराचे रबर पाहावे : दारात नोट धरून दार लावले असता ती सहज निसटत असेल, तर त्या जागी बाहेरची हवा आत येत आहे. साबणाच्या कोमट पाण्याने रबर पुसूनच अर्धे काम होते.

गैरसमज : आकडा वाढविला की लवकर थंड होते; आणि कडा तापल्या की फ्रिज जळणार.

वस्तुस्थिती : साध्या कॉम्प्रेसरला वेग एकच असतो. नॉबवरील आकडा अंशही दाखवीत नाही आणि वेगही वाढवीत नाही. कॉम्प्रेसरने कोणत्या थंडीवर थांबावे, एवढेच तो ठरवितो. खालच्या कप्प्यात सुमारे ४ अंश सेल्सियस पुरेसे आहे. कडा तापण्याचे कारण असे, की पूर्वी पाठीवर दिसणाऱ्या काळ्या नळ्या आता दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड बसविलेल्या असतात. बाहेर टाकलेली उष्णता तेथे जाणवणे हे यंत्र चालू असल्याचे लक्षण होय. परंतु भाड्याच्या खोलीत फ्रिज कोपऱ्यात ठासलेला, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कपाट, वर प्लास्टिकचे झाकण आणि त्यावर चादरींची चळत, असे दृश्य पदोपदी दिसते. उष्णतेला वाटच नसल्यावर कॉम्प्रेसर थांबणार कसा? भिंतीपासून चार बोटे अंतर सोडणे हा येथे पहिला इलाज.

गैरसमज : वीज आल्यावर टिक-टिक झाली आणि फ्रिज सुरू झाला नाही, म्हणजे कॉम्प्रेसर गेला.

वस्तुस्थिती : या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि महावितरणाची देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच. त्या कामांत वीज जाऊन लगेच आली तर नळ्यांतील दाब समान झालेला नसतो. त्या दाबाविरुद्ध मोटर उठत नाही, आणि संरक्षक ओव्हरलोड टिक करून तिची वीज तोडतो. पाच मिनिटे प्लग काढून ठेवला तर बहुधा प्रश्न मिटतो. न मिटल्यास विजेचा दाब कमी आहे काय ते पाहावे, नंतर रिले व ओव्हरलोड तपासावेत, आणि कॉम्प्रेसरवर ठपका सर्वांत शेवटी ठेवावा. खोली बदलताना टेम्पोत आडवा नेलेला फ्रिजही उभा करून काही तास तसाच ठेवावा, म्हणजे नळ्यांत गेलेले तेल परत उतरते.

एका बाबतीत मात्र घरगुती उपाय नकोत. पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर पायाखाली रबरी चटई टाकणे ही केवळ दोषाची तहकुबी आहे. प्लग काढून अर्थिंगची आणि इन्सुलेशनची खातरजमा जाणत्याकडून करून घ्यावी.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी वीज, अंतर, रबर, हवेची जाळी आणि निचरा एवढे स्वतः पाहावे. त्यानंतरही गॅसचीच मसलत निघाली, तर गळती कोठे सापडली, फिल्टर बदलणार काय आणि किती ग्रॅम गॅस भरणार, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. ज्याला आपले काम येते त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि ज्याला येतो, त्याच्या हाती आपला फ्रिज न देणे हीच पहिली दुरुस्ती.