ठेका कोणाचा आणि दाम कोणाला?

दिवाळी सरली आणि धानाची कापणी आटोपत आली, की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्यांत गावोगावच्या लोकांची वर्दळ सुरू होते, ती थेट होळीपर्यंत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टीच्या मुलखात रात्रभर चालणारी ही नाटके हजारो माणसे थंडीत कुडकुडत पाहतात. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या पुष्कळ रसिकांना अशी काही रंगभूमी अस्तित्वात आहे हे प्रथमच कळले. परंतु आज आम्हांला नटांविषयी लिहावयाचे नाही. रंगमंचाच्या कडेला ध्वनिक्षेपकाच्या यंत्रापाशी जो इसम बसलेला असतो, ऑर्गन, तबला आणि नटाचा बसलेला घसा या तिघांचा मेळ जो पहाटेपर्यंत घालीत असतो, त्याच्याविषयी आणि विशेषतः त्याच्या मुलाविषयी लिहावयाचे आहे. कारण बापाने लाउडस्पीकरवर जे केले, तेच हा मुलगा आता एका जुन्या लॅपटॉपवर करू पाहत आहे. आणि तो जे संगीत करतो त्याचे नाव आहे 'हिप हॉप'.

हे नाव उच्चारताच आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. आमच्याही पडत असत. तथापि या संगीताचा जन्म कोठे आणि कसा झाला हे पाहिले म्हणजे त्या आठ्या थोड्या सैल होतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या दरिद्री भागातील एका चाळवजा इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या तरुणाने बहिणीने योजलेल्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लोकांना अधिक नाचवितो हे त्याने हेरले होते. तेव्हा एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा तो लांबवीत नेऊ लागला. त्याच्या पाठोपाठ आलेला जोसेफ सॅडलर, म्हणजे 'ग्रँडमास्टर फ्लॅश', हा तर व्यवसायशाळेत विद्युत्-उपकरणांचे शिक्षण घेतलेला मुलगा. पुढे जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली काढलेले '८०८' हे तालयंत्र अवघ्या तीन वर्षांत बंद पडले. जेमतेम १२ हजारांच्या आसपास नग निघाले. ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि गरिबांच्या मुलांनी ते उचलले. सांगावयाचे इतकेच की, हे संगीत प्रथम गळ्यातून आले नाही. ते यंत्र उघडून पाहणाऱ्या हातांतून आले. चंद्रपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडून वीजकेंद्राच्या किंवा कोळशाच्या खाणीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

'प्रोड्यूसर' म्हटले की आपल्याला पैसा घालणारा निर्माता आठवतो. या क्षेत्रात त्याचा अर्थ निराळा आहे. शब्द म्हणणाऱ्याच्या खालचा ठेका, खर्ज आणि स्वरांचे तुकडे जो रचतो तो प्रोड्यूसर. त्या रचनेला 'बीट' म्हणतात. ते सारे आवाज एकमेकांच्या पायांत पाय न अडकता जो बसवितो तो ध्वनिअभियंता. आमच्या इकडे बहुधा दोन्ही कामे एकाच मुलाच्या अंगावर पडतात. हे काम वाटते तितके सोपे नाही. ढोलाचा आघात आणि पुरुषाचा आवाज यांतील काही कंप एकाच पट्ट्यात येतात. तेथे दोघांनाही मोकळे सोडले तर शब्द बुडतो. मग एकाला त्या जागी थोडे मागे सारावे लागते. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून खोल खर्ज निघतच नाही. म्हणून त्या खर्जाला वरचे उपस्वर असे जोडावे लागतात की नसलेला खर्ज ऐकणाऱ्याचा कान स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला यातले मर्म निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

मराठीत या कामाला आता मागणी नाही असे कोणी म्हणू नये. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी वळणाची भाषा घेऊन २०२३ साली दूरचित्रवाणीवरील रॅपच्या देशव्यापी स्पर्धेत उतरला आणि आपल्या बोलीची लाज वाटणाऱ्या शेकडो मुलांनी ती कान देऊन ऐकली. 'क्रेटेक्स' या नावाने ओळखला जाणारा कृणाल घोरपडे हा तर खुद्द प्रोड्यूसरच. श्रेयस सागवेकरबरोबर केलेले त्याचे 'तांबडी चामडी' हे गाणे २०२४ साली एका नामांकित डच कंपनीने प्रसिद्ध केले. पण येथेही लोकांच्या ओठांवर राहतात ते शब्द आणि चेहरा. ज्याच्या ठेक्यावर मांडवातली पोरे नाचतात त्याचे नाव शंभरातील दोघांनाही सांगता येत नाही. 'शोले'चे ध्वनिमिश्रण करणारे मंगेश देसाई मराठी. निदान त्यांचे नाव पडद्यावर झळकत तरी होते. आजच्या मोबाइलवरील गाण्याला पडदाच नाही.

आणि नाव गेले की त्यामागून पैसाही जातो. जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर' या १९७० सालच्या गाण्यातील काही सेकंदांचा ठेका जगभरच्या असंख्य हिप हॉप गीतांत कापून वापरला गेला. तो वाजविणारा क्लाइड स्टबलफील्ड २०१७ साली वारला. त्या ठेक्याचा रास्त वाटा त्याला जन्मभर मिळाला नाही, कारण रचनाकार म्हणून कागदावर त्याचे नावच नव्हते. आमच्याकडे याची पुनरावृत्ती अगदी लहान रकमांत चालू आहे. मुलगा रात्री जागून बीट रचतो, ओळखीतला कोणी दोन-चार हजार रुपये हातावर ठेवतो, फाइल घेऊन जातो, आणि व्यवहार संपला असे दोघेही समजतात.

कायद्याच्या दृष्टीने तो संपलेला नसतो, हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगू इच्छितो. १९५७ चा कॉपीराइट कायदा २०१२ साली दुरुस्त झाला. बीट ही संगीतरचना आहे आणि ती रचणारा हा रचनाकार. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेच्या उत्पन्नातील त्याचा समान वाटा त्याला विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. हा वाटा गोळा करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून आहे. नुसते मिश्रण करणाऱ्या अभियंत्याला मात्र या कायद्याचा आधार नाही. त्याला आपली मजुरी आणि आपले नाव आधीच कागदावर बांधून घेतले पाहिजे. एक पानाचा कागद पुरतो.

या कायद्याची दुसरी बाजू मात्र आमच्या या तरुण मित्रांना तितकीशी रुचणार नाही. भामरागड-एटापल्लीकडे रेला नाचातील ढोल आणि गाणी मोबाइलवर टिपून आणावयाची, त्यांचे तुकडे करून बीटमध्ये बसवावयाचे, आणि 'ही तर लोककला, तिला मालक कोण?' असे म्हणावयाचे, ही चाल आता सुरू होईल अशी चिन्हे आहेत. चाल जुनी असेल. पण ढोल वाजविणारा माडिया माणूस जिवंत आहे आणि त्या दिवशीचे वादन त्याचे आहे. कलावंताचा हक्क कायद्याने ५० वर्षांचा मानला आहे. स्टबलफील्डची हकीकत ऐकून हळहळणाऱ्याने त्या माणसाला विचारल्यावाचून, त्याचे नाव घातल्यावाचून आणि वाटा ठरविल्यावाचून त्याचा ठेका उचलू नये. हिप हॉपला जंगलाचा आवाज हवा असेल तर तो अवश्य घ्यावा. इतका ताजा आवाज मुंबईच्या स्टुडिओत सापडणार नाही. पण तो घेण्याची रीत मुंबईहून निराळी असू द्या.

ध्वनिमुद्रणाचे पद्धतशीर शिक्षण देणारी पुण्याची चित्रपटसंस्था १९६० सालची. गडचिरोलीहून ती ८०० किलोमीटरांहून दूर. तेथवर पोचणारी मुले बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. गोंडवाना विद्यापीठ मात्र २०११ पासून गडचिरोलीत आहे आणि त्याचे क्षेत्र नेमके हेच दोन जिल्हे आहेत. एक आवाजबंद खोली, चार चांगले मायक्रोफोन, कॉपीराइटचा कायदा शिकविणारा एक वकील आणि झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्य काढलेले दोन ध्वनिक्षेपकवाले शिक्षक म्हणून, एवढ्या भांडवलावर सहा महिन्यांचा वर्ग उभा राहू शकतो. नाटकवाल्यांना पदवी नाही म्हणून त्यांस वर्गात घेता येणार नाही, असा आक्षेप कोणी काढील, तर त्या आक्षेपकाने एकदा माघ महिन्यात देसाईगंजच्या बाजूला जाऊन, थंडीने ताणलेली तार आणि हजारो माणसांची कुजबुज यांतून नटाचा शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत कसा पोचतो ते ऐकून यावे. हंगाम होळीला संपतो. विद्यापीठाचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मध्ये तीन महिने आहेत.